बाई, माझे तीन मार्क कुठे गेले?

पत्र

'मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत नववीला मराठी शिकवते. माझ्याकडे दोन तुकड्या आहेत, मिळून ११८ मुलं. सहामाहीला "मी एसटी बोलतेय" हे आत्मकथन आठ गुणांना होतं. एका मुलीला मी पाच दिले, तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला सात. पेपर दाखवले त्या दिवशी ती जवळ येऊन म्हणाली, "बाई, माझे तीन मार्क कुठे गेले?" मला नीट सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. मुख्याध्यापक म्हणाले, रुब्रिक वापरत जा, म्हणजे निकष आणि त्यांचे स्तर मांडलेला गुणदानाचा तक्ता. मी नेटवरचं एक रुब्रिक मराठीत उतरवलं. त्यात पाच निकष आहेत आणि प्रत्येकाला उत्कृष्ट, चांगले, समाधानकारक, सुधारणा आवश्यक असे चार स्तर. आता तपासायला दुप्पट वेळ लागतो. मुलं तरीही बेरीज बघतात आणि वही मिटतात. तिसऱ्या तुकडीचे सर तसल्याच निबंधाला माझ्यापेक्षा दीड-दोन गुण जास्त देतात. माझी निम्मी मुलं वाड्यावस्त्यांवरून येतात, त्यांच्या लिहिण्यात बोली उतरते. त्या बोलीचे गुण कुठल्या चौकटीत कापायचे? एवढं करून मुलांना न्याय मिळतो, की नुसती फाईल सजते?'

उत्तर

ताई,

त्या मुलीचा प्रश्न उद्धट नाही. पण तुमचं नवं रुब्रिक हातात असतं तरी तुम्हाला त्याचं उत्तर देता आलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, 'आशय समाधानकारक आहे.' तिने विचारलं असतं, 'समाधानकारक म्हणजे काय?' तुम्ही म्हणाला असता, 'चांगल्यापेक्षा जरा कमी.' मग दोघी गप्प. विशेषणांच्या चार पायऱ्या म्हणजे तेच जुने गुण, फक्त अक्षरी लिहिलेले. वेळ जास्त लागतो तोही याच कारणाने. प्रत्येक चौकटीपाशी थांबून 'हे चांगलं म्हणू की समाधानकारक' असा कौल लावावा लागतो. पाच निकष आणि ११८ पेपर, म्हणजे निबंधाच्या एका विषयामागे जवळजवळ सहाशे कौल. कुणीही थकेल.

विशेषणं काढून टाका. त्यांच्या जागी पेपरवर बोट ठेवून दाखवता येतील अशी वाक्यं घाला. तुमचाच विषय घेऊ. एसटीच्या आत्मकथनात आशयाला तीन गुण ठेवले, तर ते असे लिहिता येतील. तीन गुण कधी? एसटी स्वतः बोलते आहे, आणि तिने पाहिलेल्या-सोसलेल्या निदान दोन गोष्टी अशा आहेत की त्या दुसऱ्या कुठल्याही वाहनाच्या तोंडी शोभणार नाहीत. दोन गुण कधी? एसटीच बोलते आहे, पण ती जे सांगते ते रिक्षाही सांगू शकेल: खड्डे, ऊन, पाऊस, माणसांची गर्दी. एक गुण कधी? एसटीविषयी माहिती आहे, एसटी बोलतच नाही.

आता मुलीला सांगणं सोपं झालं. 'तुझी ही चार वाक्यं रिक्षाच्या तोंडी घालून बघ. बसली की नाही? म्हणून दोन.' हे तिला पटेल. नाही पटलं तर ती पेपरातलं एखादं वाक्य दाखवून वाद घालेल, 'बाई, मुक्कामाच्या गाडीत ड्रायव्हर झोपतो हे मी लिहिलंय, रिक्षात कोण झोपतं?' तिचं खरं असेल तर गुण वाढवा. वाद घालता येतो हीच चांगल्या रुब्रिकची खूण. विशेषणाशी वाद घालता येत नाही, फक्त रुसता येतं.

याचा आणखी एक फायदा आहे. गाईडमधला निबंध तुम्हाला पाठ असेल. 'माझा जन्म १ जून १९४८ रोजी झाला, पुणे ते अहमदनगर हा माझा पहिला प्रवास...' तारीख बरोबर, गावं बरोबर, शुद्धलेखन निर्दोष, शेवटी 'प्रवाशांच्या सेवेसाठी' हे ब्रीदवाक्य. विशेषणांच्या रुब्रिकमध्ये तो निबंध सात घेऊन जातो, कारण त्यात खोट काढायला जागाच नसते. आणि वस्तीवरचा मुलगा लिहितो की रात्री साडेनऊला गाडी मुक्कामाला येते, कंडक्टर देवळाच्या पडवीत पथारी टाकतो, पहाटे पासवाल्या पोरांच्या आधी दुधाचे कॅन चढतात. त्याला मिळतात साडेचार, कारण 'व्हती' आणि 'आन्'. वरचा निकष लावलात तर आशयात दुसऱ्याला तीन आणि पहिल्याला फार तर दोन. मुलांना हे एकदा कळलं की गाईडचा भाव आपोआप उतरतो, त्यासाठी वेगळं ओरडावं लागत नाही.

अशी वाक्यं सुचायची कुठून? टेबलाशी बसून सुचत नाहीत. मागच्या वर्षीचे किंवा घटक चाचणीचे बारा-पंधरा निबंध घ्या, नावं झाका आणि गुण न देता नुसते वाचून तीन गठ्ठे करा. हात आपोआप ठेवतो तिथे ठेवा. मग पहिल्या गठ्ठ्यातला एक आणि दुसऱ्यातला एक शेजारी ठेवून स्वतःलाच विचारा, हा इकडे का आणि तो तिकडे का? जे उत्तर येईल ते बोलता तसंच कागदावर उतरवा. 'याचा शेवट अचानक आला.' 'हिचे परिच्छेद उलटसुलट लावले तरी काही बिघडत नाही.' तुमची मोजपट्टी तुमच्याकडे आहेच, इतकी वर्षं ती मनात होती. आता ती मुलांना दिसेल अशी लिहायची, एवढंच काम आहे. एका दुपारी होतं.

एक मोह टाळा. वाक्यं मोजता येतील अशी करायची म्हणून 'किमान तीन अलंकार, दोन म्हणी, एक सुविचार' असं लिहू नका. मुलं हुशार असतात, बरोब्बर तीन अलंकार, दोन म्हणी आणि एक सुविचार आणून ठेवतील, आणि तुम्हाला तो निबंध पूर्ण गुण देऊन सोसावा लागेल.

आता तिसऱ्या तुकडीच्या सरांकडे वळू. ते सढळ हाताचे आणि तुम्ही कडक, असं पत्रातून जाणवतं. असेलही. पण बहुतेक वेळा प्रकार निराळा असतो. अमेरिकेत पॉल डायडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना दिले. वाचकांत भाषेचे शिक्षक होते, विज्ञानाचे होते, लेखक-संपादक, वकील आणि व्यवसायातली माणसंही होती. निकष काहीच दिले नव्हते, गुणवत्तेप्रमाणे नऊ श्रेणी लावायच्या होत्या. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी निदान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. पाचपेक्षा कमी श्रेणींत आवरलेला एकही निबंध नव्हता. म्हणजे एकच निबंध कुणाला अप्रतिम वाटला, कुणाला टाकाऊ.

मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. वाचकांनी केलेल्या शेऱ्यांवरून आणि गुणांवरून त्यांचे पाच गट पडले. एका गटाचं लक्ष विचारांवर, एकाचं शुद्धलेखनासारख्या तांत्रिक बाबींवर, एकाचं मांडणीवर, एकाचं शब्दयोजनेवर, आणि एकाचं लिहिणाऱ्याच्या खास ढंगावर. प्रत्येक जण आपल्यापुरता प्रामाणिक होता, फक्त बघत होता वेगळ्या गोष्टीकडे. तुमचं आणि सरांचंही असंच असण्याचा संभव बराच आहे. तुम्ही कदाचित ह्रस्व-दीर्घापाशी अडता, ते कदाचित भरलेल्या पानाला भुलतात. एकूण गुणांवर भांडून हे कधीच कळणार नाही.

म्हणून दोघांनी पाच पेपरांच्या झेरॉक्स घ्या आणि एकमेकांना न दाखवता, निकषनिहाय गुण द्या. मग शेजारी ठेवून बघा, फरक कोणत्या ओळीत पडतो. आशयात फरक पडत असेल तर त्या ओळीतलं वाक्य संदिग्ध आहे, ते दोघांनी मिळून दुरुस्त करायचं. सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही. सरासरीने त्या मुलाचे गुण ठरतात, पण पुढच्या मुलाच्या वेळी वाद पुन्हा पहिल्या पानावर. बोर्डाच्या तपासणीत परीक्षकाच्या वर त्याची तपासणी पडताळणारा नियामक असतो तो याचसाठी. तुम्ही दोघे एकमेकांचे नियामक व्हा. आणि हे मधल्या सुट्टीत चहा घेता घेता करू नका, पाच निबंधांनाही नीट एक तास लागतो.

गुणांच्या वाटणीबद्दल. दहावीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण असतात आणि त्यातले ८ निबंधप्रकाराला. आठ गुणांना पाच निकष फार झाले. चारच ठेवा: आशय ३, मांडणी २, भाषा २, शुद्धलेखन आणि विरामचिन्हं मिळून १. डायडरिकनेही पुढे शिक्षकांसाठी मोजपट्टी केली तेव्हा विचार आणि मांडणी यांना दुप्पट वजन दिलं होतं, आणि मला ते योग्य वाटतं. अर्धे गुण मात्र बंद करा. साडेचार आणि पाच यांतला फरक कुठलंही वाक्य सांगू शकत नाही. अक्षराला वेगळा निकष ठेवू नका. पेपर वाचता येत असेल तर विषय संपला. सुंदर अक्षराने आपण सगळेच नकळत फसतो, त्याला वर आणखी अधिकृत गुण कशाला?

बोलीचा प्रश्न तुम्ही 'कुठल्या चौकटीत कापू' असा विचारलात. आज बहुधा ती चारही चौकटींत कापली जाते. 'गाडी आली व्हती' वाचलं की शुद्धलेखनाचा एक जातो, भाषेचा एक जातो, वाचताना आपण जरा नाराज होतो म्हणून मांडणीतही हात आखडतो, आणि 'मुलगा कच्चा आहे' असं मनात धरून आशयही दोनवर येतो. एका 'व्हती'ची किंमत चार गुण! माझा नियम साधा आहे: एका चुकीला एकदाच दंड. निवेदनात बोलीतली रूपं आली तर ती शुद्धलेखनाच्या एका गुणातच मोजा. परीक्षेत निवेदनाला प्रमाण भाषा लागते हे मुलांना स्वच्छ सांगा, लपवू नका. पण एसटीतली म्हातारी कंडक्टरशी बोलते तेव्हा ती तिच्याच बोलीत बोलली पाहिजे. तिला कुणी 'मला पुढील थांब्यावर उतरायचे आहे' म्हणायला लावलं, तर उलट भाषेच्या ओळीत गुण कमी व्हावेत. संवादातली बोली हे कौशल्य आहे, असं रुब्रिकमध्ये छापूनच टाका. वस्तीवरची मुलं ते वाचतील तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

रुब्रिक कधी द्यायचं, हे तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावर अवलंबून आहे. निबंध लिहून झाल्यावर पेपरला टाचलेलं रुब्रिक म्हणजे दिलेल्या गुणांचा खुलासा. मुलांना त्याचा उपयोग लिहिण्याआधी. फळ्यावर चार ओळी लिहा, मागच्या वर्षीचा एक मधला निबंध नाव न सांगता वाचून दाखवा आणि वर्गाला गुण द्यायला सांगा. नववीची मुलं आपल्यापेक्षा कडक तपासतात. गोंगाट होईल, 'एसटी कुठं बोलतीय ह्यात?' अशा आरोळ्या येतील, आणि त्या एका तासात निकष जितके डोक्यात जातील तितके महिनाभर लाल शाई ओतून जाणार नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतीपत्रकात मुलाने स्वतःचं आणि सोबत्याचं मूल्यमापन करावं असं म्हटलं आहे, त्याची वर्गातली सुरुवात ही अशी होऊ शकते.

मुलं बेरीज बघून वही का मिटतात? कारण बेरीज समोर आहे. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर एक अभ्यास केला, १९८८ सालचा. काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरेवाल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुणवाल्यांच्याच वाटेने गेली. म्हणजे शेऱ्यासाठी केलेली मेहनत शेजारच्या आकड्याने खाऊन टाकली. मुख्य परीक्षेत आपल्या हातात फारसं नसतं, पण वर्गातल्या स्वाध्यायात आणि घटक चाचणीत असतं. तिथे वही परत द्या ती निकषांच्या चार ओळींत खुणा करून आणि खाली एक शेरा लिहून, बेरजेशिवाय. दहा मिनिटं द्या, शेऱ्याप्रमाणे एक परिच्छेद पुन्हा लिहायला लावा. गुण दोन दिवसांनी सांगा. पहिल्यांदा वर्ग नाराज होईल, एखादा पालक फोनही करेल. गुण दडवलेले नाहीत, गुरुवारी मिळतील, एवढं सांगितलं की पुरतं.

शेरा एकच लिहा, पण त्याच पेपरापुरता. 'छान प्रयत्न, अजून सुधारणा हवी' हा शेरा ११८ वह्यांवर चालतो, म्हणून तो एकाही वहीच्या कामाचा नाही. त्या पाच गुणांच्या मुलीला असं लिहिता आलं असतं: 'दुसऱ्या परिच्छेदात घाटात बंद पडलेली गाडी आलीय, पण एका ओळीत निघून गेली. त्या रात्री आत कोण कोण होतं ते तीन-चार ओळींत लिही.' हे वाचून काय करायचं ते तिला कळतं. तिचे तीन गुण कुठे गेले तेही त्यातच आलं.

आणि वेळ. प्रत्येक निबंधाला चारही निकष लावायची सक्ती स्वतःवर करू नका. जुलैच्या स्वाध्यायात फक्त आशयाची ओळ तपासा, बाकी नजर टाकून सोडा. ऑगस्टमध्ये मांडणी. सहामाहीला चारही. मुलांना आधी सांगितलं असेल की या वेळी मी फक्त सुरुवात आणि शेवट बघणार आहे, तर त्यांचंही लक्ष तिथेच राहतं. निकषांच्या ओळींची छोटी पट्टी झेरॉक्स करून घ्या, एका पानात सहा बसतात. वहीत चिकटवायची आणि लागू पडेल त्या वाक्याभोवती गोल करायचा. एकदा वाक्यं हाताखाली बसली की गोल करायला विशेषणांच्या निम्माही वेळ लागत नाही.

रुब्रिक कुठे कमी पडतं तेही ऐका. वर्षातून एखादा निबंध असा येतो की तो कुठल्याच चौकटीत मावत नाही. एसटीऐवजी एसटीतली रिकामी सीट बोलते, मांडणी विस्कळीत, आणि वाचून तुम्ही काही वेळ पुढचा पेपर उचलत नाही. अशा निबंधासाठी काही जण 'वेगळेपण' असा एक गुणाचा निकष राखून ठेवतात. मी ठेवणार नाही. वर्षभरात तो आवडत्या मुलांचा गुण होऊन बसतो, आणि तो कुणाला मिळतो हे वर्गाला आपल्या आधी कळतं. जाहीर केलेल्या निकषांनी जे बसतील ते गुण द्या, खाली मनापासून दोन ओळी लिहा, लिहिणाऱ्याची परवानगी घेऊन निबंध वर्गात वाचा, आणि पुढच्या वेळी रुब्रिक बदला. खेळ चालू असताना नियम बदलले तर बाकीच्या ११७ जणांवर अन्याय होतो.

फाईलची तुमची शंका रास्त आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यातल्या वर्णनात्मक नोंदींची कल्पना चांगलीच होती: प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने पाहिलेलं काही लिहावं. मग नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या, आणि 'स्वतःचे मत ठामपणे मांडतो' ही नोंद अख्ख्या वर्गाला लागू लागली, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलालासुद्धा. नेटवरून उतरवलेलं रुब्रिक त्याच वाटेने जाईल. तुमच्या मुलांच्या पेपरांतून उचललेल्या वाक्यांचं रुब्रिक दुसऱ्या शाळेला जसंच्या तसं वापरता येणार नाही, आणि यायलाही नको. मुख्याध्यापकांना सुबक तक्ता हवा असेल तर फाईलला तो लावा. वर्गात तुमची झेरॉक्सची पट्टी वापरा.

राहिला त्या मुलीच्या वडिलांचा विषय. त्यांना पुन्हा बोलवायची गरज नाही, पण ते आले तर मैत्रिणीचा पेपर त्यांच्यासमोर काढू नका, कितीही आग्रह झाला तरी. त्यांच्या मुलीचा पेपर आणि चार निकष एवढंच टेबलावर असू द्या, आणि कुठल्या ओळीत काय कमी पडलं ते दाखवा. मुलीला मात्र आजच बोलवा. जुना पेपर नव्या वाक्यांनी तिच्यासमोर बसून एकदा तपासा. सहा निघाले तर सहा करा आणि गुणपत्रकात दुरुस्ती करून घ्या. निकाल अजून लागलेला नसेल तर त्यात काही अवघड नाही. पण मग तीच वाक्यं बाकीच्या पाचवाल्या पेपरांनाही लावावी लागतील. तेवढी एक संध्याकाळ जाईल.